आर्डिसच्या गायी किती?

आमच्या काउंटीत माणसाला काहीही विचारता येतं. बायको का सोडून गेली, गुडघ्याचं ऑपरेशन फसलं म्हणतात ते खरं का, मेहुणा तुरुंगातून कधी सुटतोय. हे सगळं मी सकाळी गावातल्या हॉटेलात कॉफीच्या टेबलाशी विचारतो आणि लोक सांगतातही. एकच गोष्ट विचारायची नाही, ती म्हणजे गुरं किती आहेत. हा प्रश्न एकतर कर आकारणारा विचारतो, नाहीतर शहरातून आलेला नवा जावई. मग आमची माणसं आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "आहेत थोडी." ज्याची हजार आहेत त्याचीही थोडीच आणि ज्याची बारा आहेत त्याचीही थोडीच.

आर्डिस व्होल्मर मात्र 'थोडी' म्हणायची नाही. ती म्हणायची, "पुरेशी."

आर्डिस माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे तिच्या दारापासून माझं दार अडीच मैलांवर, पण कुंपण एकच. वय एकोणसत्तर, अंगानं कुंपणाच्या खांबासारखी, बोलणंही साधारण खांबाइतकंच. ती आणि तिचा भाऊ डेलबर्ट, दोघांनी लग्न केलं नाही, दोघांनी मिळून गुरं सांभाळली. मी म्हणायचो, ही भावंडं दिवसाला अकरा शब्द बोलतात आणि त्यातले आठ कुत्र्याशी. डेलबर्ट दोन वर्षांपूर्वी गुरांच्या लिलावात बाकावर बसल्या बसल्या गेला. तो इतका शांत माणूस की पुढच्या दोन जनावरांचा लिलाव होऊन गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. आता आर्डिस सगळं विकणार, असं मी टेबलावर छातीठोक सांगितलं आणि त्यावर ॲपल पायची पैज लावून हरलो. तिनं डेलबर्टचा कामाचा डगला अंगात चढवला, बाह्या दुमडल्या आणि त्याची लाल वही छातीच्या खिशात ठेवली.

ही लाल वही आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात असते. लसी विकणारा नवीन वर्षाला फुकट वाटतो. कोणती गाय कधी व्याली, कोणती लाथ मारते, कोणती आटली, कोणती मेली, गुरांची अख्खी जन्मकुंडली त्यात. बायबल आम्ही रविवारी उघडतो, ही वही दिवसातून दहादा.

त्या ऑक्टोबरात वादळ आलं ते पहिल्याच आठवड्यात. आदल्या दिवशी मी नुसत्या सदऱ्यावर छप्पर दुरुस्त करत होतो, इतकं ऊन. मग बारा तास पाऊस झाला. गुरांच्या अंगावर अजून उन्हाळ्यातले विरळ केस, पाणी थेट कातडीपर्यंत गेलं. पावसामागून वारा आणि वाऱ्यामागून बर्फ, दोन दिवस आणि तीन रात्री. ओलं जनावर अशा वाऱ्याला पाठ देतं आणि चालत राहतं. बर्फात कुंपण बुडालं की कुंपणावरून चालत जातं. आर्डिसची गुरं आठच दिवसांपूर्वी खालच्या मोकळ्या कुरणात आणलेली. तिथे आडोशाला एक झाडसुद्धा नाही. ती चालत चालत घळीत गेली, काही पार बंधाऱ्याच्या पाण्यात गेली.

माझीही गेली. किती, ते विचारू नका.

चौथ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा मी ट्रॅक्टर घेऊन तिच्याकडे निघालो. ती आधीच बाहेर होती, पायी. बर्फातून एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जायची, हातमोज्यानं कानातला बिल्ला पुसायची, क्रमांक वाचायची, लाल वहीत लिहायची. एका गाईजवळ ती जरा जास्त वेळ वाकून राहिली. म्हणाली, "हिला मी बाटलीनं पाजलेलं." आणि पुढच्या ढिगाकडे गेली.

चार दिवस आम्ही तेच केलं. काउंटीनं रस्त्याकडेला मोठा खड्डा खणून दिला होता, सगळ्यांची जनावरं त्यात गेली. तिथे कुणी मोजायला बसलं नव्हतं, चिखलात कोण कुणाच्या कातडीवरची डागणी बघणार. आर्डिस दुपारी खारी बिस्किटं खायची आणि रात्री बुटांसकट खुर्चीत झोपायची. पाचव्या संध्याकाळी तिनं तो डगला उतरवला. एव्हाना तो न धरता उभा राहील असा झाला होता. तो आणि घरातले चार कपडे तिनं धुलाईयंत्रात टाकले आणि ती झोपली. वही खिशातच होती.

आमच्याकडे असं घर नाही जिथे एकदा तरी लाल वही धुतली गेलेली नाही. माझ्या बायकोनं, जोलीननं, दोनदा धुतली आहे आणि दोन्ही वेळा चूक माझी ठरली आहे. एरवी हसण्याची गोष्ट. आर्डिसच्या दोरीवर तो अख्खा हिवाळा सगळं गुलाबी वाळत होतं, चादरी गुलाबी, टॉवेल गुलाबी, डेलबर्टच्या लोकरी विजारी गुलाबी. टेबलावर मी म्हणालो, बाईनं या वयात नवा रंग धरला. सगळे हसले, आणि मग सगळे एकदमच थांबले आणि आपापल्या कपात बघत बसले.

सरकारी मदतीचं म्हणाल तर मेलेल्या गुरांची भरपाई देणारा कायदाच तेव्हा संपलेला होता. जुन्याची मुदत गेली, नव्यावर राजधानीत भांडणं चाललेली. सरकारी कृषी कचेरीतली रॉक्सी हुबर प्रत्येकाला फोनवर तेच सांगायची की कागद जपून ठेवा, फोटो जपून ठेवा आणि थांबा. आम्ही थांबलो. नाताळ गेला. आर्डिस उरलेल्या गायींना रोज वैरण टाकायची आणि थांबायची. मार्चमध्ये खड्ड्यावरचा बर्फ वितळला आणि वारा दक्षिणेचा असला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. एप्रिलमध्ये कायदा झाला, तेव्हा मी माझा अर्ज द्यायला निघालो आणि आर्डिसला बरोबर घेतलं.

रॉक्सीबद्दल एक सांगायला हवं. काउंटीत कुणाची गुरं किती, हे जाणणारी ती एकटी बाई. आम्ही तिला आकडासुद्धा बोलून सांगत नाही, तळव्याचा आडोसा करून लिहितो, आणि ती तो पाद्र्यानं कबुलीजबाब ठेवावा तसा पोटात ठेवते. तिच्या नवऱ्याला मी दोनदा बिअर पाजून बघितली. त्यालाही काही माहीत नाही.

आर्डिसनं अर्ज घेतला, चष्मा लावला, पहिला रकाना पाच मिनिटं वाचला. वादळाच्या आदल्या दिवशी एकूण गायी किती. तिनं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. रॉक्सीनं वाचलं. 'पुरेशा होत्या.'

"आर्डिसबाई, इथे आकडा लागतो."

"कशाला?"

"आधी किती होत्या आणि आता किती आहेत, त्यावरून गेल्या किती ते ठरतं."

"गेल्या किती ते मला माहीत आहे."

"सरकारला नाही ना माहीत."

"सरकार आलं होतं का बघायला?"

रॉक्सी अशा वेळी भांडत नाही. तिनं खोडरबर पुढे ठेवला आणि पाठ वळवून कपाट आवरायला लागली. बऱ्याच वेळानं आर्डिसनं हाताचं कुंपण करून आकडा लिहिला. मी मान लांब केली, पण हात मोठा होता.

आता पुरावा. आर्डिसनं पिशवीतून पावाच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाबी गोळा काढून टेबलावर ठेवला. रॉक्सी त्याच्याकडे बघत राहिली. ती हसली नाही. तिच्याही घरी गुरं आहेत. मग तिनं एकेक विचारलं. बँकेची तपासणी? आर्डिसनं जन्मात कर्ज काढलं नव्हतं. जे काढतात त्यांच्या गायी बँकवाला दरवर्षी येऊन मोजतो, कागदावर शिक्का मारून देतो. हिच्याकडे कोण येणार? गुरांच्या डॉक्टरची बिलं? लसी ती स्वतः टोचायची. शेवटी रॉक्सी म्हणाली, एक वाट आहे. नात्यातला नसलेला, यात स्वार्थ नसलेला असा कुणी साक्षीदार, ज्यानं वादळाच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी गुरं बघितली आहेत आणि किती होती, कशावरून, ते सांगू शकतो. मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कमिटी बसेल, तेव्हा तो हजर हवा.

"असं कोण असणार?" आर्डिस म्हणाली. "दुसऱ्याची गुरं कोण मोजतं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावर हिरव्या ट्रॅक्टरचं चित्र होतं, फार चांगलं चित्र.

घर सत्तावीस मैल. तेवढ्या वाटेत आर्डिसनं मला जे सांगितलं ते तिच्या महिन्याभराच्या बोलण्याइतकं होतं. मदत आली तर ती गाभण कालवडी घेणार आणि राहणार. नाही आली तर उरलेल्या गायींत वर्ष निघत नाही. लिलाववाल्याशी बोलून झालं होतं, मेचा शेवटचा शनिवार. कुरण भाड्यानं जाईल आणि गावात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे. बघून आली होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते.

तिच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "मी दमले, क्लेट."

चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी आलो आणि सरळ धान्याच्या कोठारात जाऊन दार आतून लावून घेतलं.

आता माझं सांगतो. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी व्होल्मरांची गुरं माझ्या फाटकावरून खालच्या कुरणात जातात. दरवर्षी त्याच सकाळी माझा फाटकाजवळचा एक खांब नेमका हलायला लागतो आणि मला तो ठोकायला जावं लागतं. डाव्या खिशात मूठभर खिळे घेतो. दहा गायी गेल्या की एक खिळा उजव्या खिशात. वासरं मोजत नाही, ती आईच्या मागून चालतात, सरकारी अर्जातही ती धरत नाहीत. मग कोठारात येऊन दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं तारीख आणि आकडा. एकोणीस वर्षं. व्होल्मरांची एक ओळ, पलीकडच्या गेलन प्टाचेकची एक, त्याच्याही पलीकडच्याची एक. का? उगाच. काहींना पत्त्यांचा नाद असतो. तो आकडा मी कधी कुणाला सांगितला नाही. बरं, जोलीनला सांगितला.

जोलीन भांडी पुसता पुसता म्हणाली, "हे बाहेर सांगितलंस तर काउंटीत कुणी तुझ्या शेजारी बसणार नाही."

"तेच म्हणतो मी."

"आणि नाही सांगितलंस तर मी बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी आर्डिसला कोठारात घेऊन आलो. उंदीर दाखवतो असं सांगितलं होतं, कारण खरं तोंडातून निघेना. दार लावलं, दिवा लावला. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला. वरपासून खालपर्यंत वाचत आली, बोटानं, एकेक वर्ष. डेलबर्ट गेला त्या वर्षाशी बोट जरा थांबलं. शेवटची ओळ सप्टेंबरची, वादळाच्या आठ दिवस आधीची.

मी म्हटलं, "आर्डिस, मी हे काही वाईट मनानं..."

"डेलबर्टला माहीत होतं," ती म्हणाली. "तो म्हणायचा, क्लेटचा तो खांब म्हणजे या देशातला सगळ्यात जास्त दुरुस्त झालेला खांब."

"मग तो कधी बोलला नाही?"

"तुझं तुला काहीतरी असू दे म्हणायचा."

ती कॉफीला थांबली नाही. तीन दिवस तिचा फोन नाही, फाटकावरून गेली तर हात नाही. चौथ्या दिवशी फोन वाजला. "चोंबड्या," ती म्हणाली, "मंगळवारी दार घेऊन ये."

मी बिजागऱ्या काढल्या, दार पिकअपमध्ये आडवं टाकलं आणि बाकीच्यांच्या ओळींवर वैरणीचं पोतं खिळ्यांनी ठोकलं. आता ही कमिटी म्हणजे कोण? आमच्यातलेच निवडून दिलेले तिघे, त्यांतला मुख्य गेलन प्टाचेक. दार भिंतीला टेकवून ठेवलं तसे तिघंही खुर्च्या जरा पुढे ओढून बसले.

"पोतं कशाला?" गेलन म्हणाला.

"वारा लागतो."

"खाली काय आहे?"

"फळ्या."

गेलननं खुर्ची आणखी पुढे ओढली. मग हळूच म्हणाला, "माझ्या गुरांचं दोन वर्षांपूर्वीचं मोजणं तुझं चुकलं असेल. त्या वर्षी मी त्याच गायी तुझ्या फाटकावरून दोनदा फिरवल्या होत्या." बाकीचे दोघे हसले नाहीत. त्यांचीही गुरं माझ्या फाटकावरून जातात की नाही, हे ते मनात आठवत असावेत.

रॉक्सीनं मला शपथ दिली. मी खिळ्यांचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. त्या खोलीत त्या दिवशी मी विनोद केला नाही, तरी मधेमधे कुणीतरी खाकरत होतं. आर्डिस भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, नजर जमिनीवर. आपल्या गायींची संख्या चारचौघांत बोलली जाते आहे, हे ती दात काढून घेताना माणूस बसतो तशी बसून सोसत होती.

रॉक्सीनं दारावरचा आकडा बघितला, अर्जातला बघितला, पुन्हा दाराकडे गेली.

"एकाचा फरक आहे," ती म्हणाली. "अर्जात एक जास्त आहे."

"त्याचं चुकलंय," आर्डिस म्हणाली. "एक लंगडत होती. तिला मी मागून ट्रेलरमधून नेलं, पण पाय बघून न उतरवता परत घरी गोठ्यात आणलं. म्हणून ती वाचली."

दारावरचा आकडा धरला तर उरलेल्यांत ती लंगडी धरलेली आणि आधीच्यांत नाही, म्हणजे गेलेल्यांतली एक कमी. एका गाईची मदत बुडणार. गेलननं हिशेब माझ्याआधी केला. तो भला माणूस आहे, त्याच्या ओळीवर पोतं असूनही.

"क्लेट, ट्रेलर तू बघितलास ना?" तो म्हणाला. "आत गाय दिसली असेल."

एक शब्द बोलायचा होता. टेबलावर मी दिवसाला असे चाळीस बोलतो. ट्रेलर गेलेला मला आठवत होता, त्याच्या फळ्यांआड काय आहे ते मी बघितलं नव्हतं, कारण मी उजव्या खिशातले खिळे मोजत होतो. मी तोंड उघडलं.

"गप्प बस, क्लेट," आर्डिस म्हणाली. "रॉक्सी, दारावर आहे तेच लिही."

"बाई, पण एक गाय..."

"लिही. मला घरी जाऊन वैरण टाकायची आहे."

तिनं अर्जावरचा आपला खरा आकडा खोडला आणि माझा चुकीचा लिहिला. तिघांनी सह्या केल्या. रॉक्सी म्हणाली, दार इथेच ठेवावं लागेल, पुराव्याची मूळ प्रत तीन वर्षं फायलीत राहते. फायलीत ते मावलं नाही, म्हणून ते कचेरीच्या मागच्या खोलीत पाण्याच्या टाकीला टेकून उभं आहे. पोत्याचे खिळे दोनदा ढिले झालेले दिसले म्हणे. रॉक्सीनं ते स्वतः पुन्हा ठोकले.

आर्डिसनं लिलाववाल्याला फोन करून शनिवार रद्द केला. मदत आली ऑगस्टमध्ये, वादळाला दहा महिने झाल्यावर. चार गायी गेल्या असतील तर तीन गायींची किंमत, तीही जुन्या भावानं, आणि मधल्या काळात सगळ्यांनाच कालवडी हव्या असल्यानं भाव चढलेले. तिला जितक्या घ्यायच्या होत्या त्याच्या निम्म्याच आल्या. त्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तर ती पायरीवर बसली होती, चेकचं पाकीट पायाशी, वर दगड ठेवलेला, उडू नये म्हणून. मला म्हणाली, "बस." आम्ही बसलो. गोठ्यात लंगडी रवंथ करत होती.

माझं म्हणाल तर जोलीन म्हणाली तसंच झालं. टेबलावर माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या असतात. गेलन आपली गुरं आता मागच्या रस्त्यानं सहा मैलांचा वळसा घेऊन नेतो. कोठाराला दार नाही, ताडपत्री लावली आहे, तिच्याखालून मांजराएवढे रॅकून येतात आणि मका खातात. किती येतात ते मी मोजत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी रस्त्यावर धूळ दिसली. मला वाटलं आर्डिसही वळशानं जाईल, पण ती आली, आपल्या नेहमीच्या वाटेनं. मी फाटकावर होतो, खरंच फाटकाचं काम होतं, खांबाचं नाही. गुरं जवळ आली तसा मी पाठ फिरवली आणि कोठाराच्या ताडपत्रीकडे बघत उभा राहिलो. मागून खुरांचा आवाज, नव्या कालवडींचं हंबरणं, बराच वेळ. पूर्वीपेक्षा कमी वेळ, हे मात्र कान बंद केले तरी कळतं.

पिकअप माझ्यामागे येऊन थांबला. तिनं काच खाली केली. चेहरा धुळीनं माखलेला, डोळ्यांखाली काळं.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

आमच्या काउंटीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. स्वतःच्या गुरांबद्दल तर नाहीच नाही. मी वळलो. शेवटची कालवड वळणावर दिसेनाशी होत होती. मी आभाळाकडे बघितलं.

"पुरेशा," मी म्हणालो.

गाडीचं इंजिन चालूच होतं.

"एक मागं ट्रेलरमध्ये आहे," ती म्हणाली. "लंगडी."

"मग पुरेशा आणि एक."

"हं," ती म्हणाली आणि काच वर करून निघाली. ट्रेलर माझ्यासमोरून गेला तेव्हा मी फळ्यांमधून आत बघितलं. होती.